सँटोरिनी की नाक्सोस? (सासू-सासरे सोबत आहेत)

कोथरूडची_सून
सप्टेंबरच्या शेवटी ग्रीसला चाललोय. व्हिसाची अपॉइंटमेंट झाली, अथेन्सचं हॉटेल झालं, आता घरात सगळं बेटावर येऊन अडकलंय. आम्ही दोघं, सासू-सासरे आणि कॉलेजातली लेक. अथेन्सनंतर चार-पाच रात्री आहेत आणि सासऱ्यांनी बजावलंय की रोज बॅगा उचलायच्या नाहीत, एकच बेट धरा. लेकीला सँटोरिनीच हवंय (कारण सांगायला नको, फोन हातात असतोच). नवऱ्याच्या डोक्यात कुणीतरी भरवलंय की सँटोरिनी म्हणजे नुसती गर्दी आणि लूट, त्यापेक्षा नाक्सोसला जा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने जमत नाहीत. सासरे पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आणि मला एक दिवस तरी समुद्रात मनसोक्त डुंबायचंय. दोन्ही पाहिलेल्यांनी प्लीज खरं काय ते सांगा.

समुद्रपक्षी
नाक्सोस. गुडघे म्हणालात तिथेच विषय संपला. सँटोरिनीचे ते जे फोटोतले पांढरे हॉटेल्स असतात ना, फिरा, इमेरोविग्ली, ईया या गावांतले, ते सगळे कड्याला चिकटून आहेत, रस्ता वरती आणि खोली साठ-सत्तर पायऱ्या खाली असं बऱ्याच ठिकाणी असतं, बॅगा पोर्टर उचलतो पण सासूबाईंना कोण उचलणार? नाक्सोसला बोट थेट गावातच लागते, बंदर, बाजार, बसस्टॉप सगळं सपाटीवर. तिथून बसने थोड्या वेळात आयोस प्रोकोपिओस, पुढे आया आना, मग प्लाका, वाळूचा किनारा नुसता लांबतच जातो. पाणी स्वच्छ, बरंच आत गेलं तरी पाय टेकतात. तुमचं डुंबणं तिथेच होईल.

लाव्हारस
समुद्रपक्षी, किनारा काय जगात कुठेही मिळतो हो. कॅल्डेरा (ज्वालामुखी खचून झालेला खड्डा) मिळत नाही.
आपला सह्याद्रीसुद्धा लाव्हाचाच, पण तो थरावर थर वाहत येऊन साचलेला. सँटोरिनीला साधारण ३६०० वर्षांपूर्वी बेटाचं पोटच उडालं आणि उरलेलं खाली खचून समुद्र आत घुसला. आज आपण फिऱ्याच्या कठड्यावर उभे राहतो तेव्हा खाली जे निळं दिसतं ते त्या खड्ड्यात भरलेलं पाणी आहे, कडाच जवळपास ३०० मीटरचा, त्यात राखेचे आणि लाव्ह्याचे काळे-लाल-पांढरे पट्टे उघडे दिसतात. मधलं काळं बेट नेआ कामेनी, ते शेवटचं १९५० साली जागं झालं होतं. हे सोडून कोणी बटाट्यासाठी प्रसिद्ध असलेल्या बेटावर जा सांगत असेल तर नमस्कार.

चटणीभाकरी
बटाट्याला नावं ठेवू नका, नाक्सोसचा बटाटा अख्ख्या ग्रीसमध्ये नावाजलेला आहे, तिथे साधे फ्राइज खाऊन बघा मग बोला 😄
सासऱ्यांसाठी: दोन्ही बेटांवर उपाशी राहणार नाहीत. गेमिस्ता म्हणजे टोमॅटो-ढोबळी मिरचीत भात भरून भाजतात (खिमा नाही ना हे विचारायचं, काही जण घालतात), ब्रिआम म्हणजे भाज्या तेलात मुरवून ओव्हनमध्ये, यिगांतेस म्हणजे मोठे पांढरे पावटे टोमॅटोत, आणि सँटोरिनीचा फावा, पिवळ्या डाळीचं घट्ट वाटण, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. सँटोरिनीचे टोमॅटोचे तळलेले वडेपण मस्त, फक्त त्यात अंडं नाही ना ते विचारा. हॉटेलवाल्याला नुसतं व्हेज म्हणण्यापेक्षा 'निस्तिसिमो' म्हणा, म्हणजे त्यांच्या उपासाचं, त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. पण कोळंबी-कालवं त्यांच्या उपासाला चालतात, तेवढं लक्षात ठेवा नाहीतर सासऱ्यांसमोर ऑक्टोपस यायचा.
एक अडचण आहे. नाक्सोसचं ग्राविएरा चीज सगळे डोक्यावर घेतात पण त्याचं दूध फाडायला पारंपरिक रेनेट लावतात, वासराच्या पोटातलं. सासरे एवढे कडक असतील तर आधी सांगून ठेवा, नाहीतर अर्धा किलो खाऊन झाल्यावर कळेल.

कोथरूडची_सून
रेनेटचं मी त्यांना सांगणार नाहीये 🙏 पुण्यात पिझ्झा खातात तेव्हा कुठे विचारतात.

रिकामटेकडा
सँटोरिनीला ज्या फोटोसाठी जाता तो फोटो काढायला रांग असते, रांगेतल्या लोकांचा फोटो काढायला अजून एक रांग असते. बाकी चालू द्या.

म्युनिककर
माझं मत लाव्हारसच्या बाजूने, पण पैशाचं आणि गर्दीचं नीट समजून घ्या. सँटोरिनी सगळं मिळून ७६ चौ.किमी., नाक्सोस ४३० च्या आसपास. एवढ्याशा जागेवर क्रूझची जहाजं येतात, म्हणून आता दिवसाला क्रूझचे ८००० प्रवासी अशी मर्यादा घातलीय, आणि २०२५ च्या जुलैपासून सीझनमध्ये क्रूझच्या प्रत्येक माणसामागे २० युरो घेतात. तुम्ही फेरीने जाणार म्हणून हा कर तुम्हाला नाही, गर्दी मात्र आहे.
पण क्रूझवाले सकाळी येतात आणि बहुतेक रात्र पडायच्या आत जहाजावर परत. म्हणजे बेटावर मुक्काम असेल तर सकाळी आठची फिरा तुमची असते. खोली कड्यावर घ्यायचीच कशाला? कामारी नाहीतर पेरिसाला घ्या, दोन्ही गावं सपाट, समुद्र समोर, भाडं कड्यावरच्यापेक्षा बरंच कमी, बसने वर जायचं. गुडघ्यांचा प्रश्न मिटला.

समुद्रपक्षी
मिटला कसा? कामारीत राहिलात तर कॅल्डेरा दिसतच नाही, तो बेटाच्या दुसऱ्या अंगाला. किनारा काळ्या खड्यांचा, उन्हात तापला की चप्पल काढवत नाही, आणि पाण्यात शिरलं की लगेच खोल. वर बस सगळी फिऱ्याला जाते, ईयाला जायचं तर तिथे बदला, सूर्यास्ताच्या वेळी त्या बसमध्ये सासूबाईंना उभं करून दाखवा. म्हणजे नाव सँटोरिनीचं आणि सुट्टी बसस्टॉपवर.
आणि २०२५ चं विसरलात? जानेवारीच्या अखेरीपासून भूकंपाचे हजारो धक्के, फेब्रुवारीत ५.३ चा, शाळा बंद, ११ हजारांवर लोक बेट सोडून गेले.

लाव्हारस
विसरलो नाही. ते धक्के सँटोरिनी आणि आमोर्गोस बेटाच्या मधल्या समुद्रात होते, खाली मॅग्मा सरकला म्हणून, आणि हळूहळू थांबले. नाक्सोस तिथून काय फार लांब आहे का? १९५६ चा ७ रिश्टरच्या वरचा भूकंपसुद्धा आमोर्गोसजवळचाच, त्यात सँटोरिनीची पन्नासवर माणसं गेली, ईया तर बरंचसं ढासळलेलं, आज ज्या गुहाघरांत लोक हनिमून करतात त्यातली कितीतरी नंतर डागडुजी करून उभी राहिलीत. भूकंपाला घाबरायचं तर एजियन समुद्रात जायचंच नाही.
आणि तुम्ही लोक अक्रोतिरी का विसरता? त्याच स्फोटाच्या राखेखाली गाडलेलं गाव, १९६७ पासून खोदतायत, दुमजली-तिमजली घरं, रस्त्याखालून गटारं, मोठमोठे रांजण जागच्या जागी. माणसाचा एक सांगाडा नाही, म्हणजे लोक आधीच्या धक्क्यांनी सावध होऊन निघून गेले असावेत. सगळ्यावर छप्पर आहे, ऊन नाही, मधून चालायला पूल बांधलेत, सासूबाईंना अगदी जमेल. तिथलं भिंतीवरचं निळ्या माकडांचं चित्र फिऱ्याच्या म्युझियममध्ये आहे. २०२० च्या सुमाराला काही अभ्यासकांनी शेपटीच्या ठेवणीवरून म्हटलं की ही आपल्याकडची वानरं आहेत, हनुमान लंगूर! ३६०० वर्षांपूर्वी एजियनमधल्या चित्रकाराला आपलं वानर कसं ठाऊक झालं याचा विचार करत मी त्या चित्रासमोर किती वेळ उभा होतो.

चटणीभाकरी
ते लंगूरवालं सगळ्यांना मान्य नाहीये हं, त्यावर उलट उत्तरंही आली, काहींच्या मते आफ्रिकेतली माकडं.

लाव्हारस
माहितेय. वाद आहे म्हणूनच बघायला मजा येते.

समुद्रपक्षी
जुनं नाक्सोसलाही आहे आणि बरंचसं तिकिटाशिवाय आहे. बंदराशेजारी पोर्तारा, अपोलोच्या देवळाचा संगमरवरी दरवाजा, ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात बांधायला घेतला, देऊळ पूर्ण झालंच नाही, चौकट तेवढी उभी, सहा मीटर उंच, आणि तिच्यातून सूर्य मावळताना दिसतो. आतल्या भागात अपोलोनासला खाणीतच पडून राहिलेला दहा मीटरवर लांबीचा अर्धवट कोरलेला पुतळा आहे, उताणा, दाढीवाला. सांग्री गावाजवळ देमेतेर देवीचं देऊळ. गाडी घ्या (आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परमिट लागतं, इथूनच काढून न्या), खाल्की गावात थांबून किट्रोन (तिथली लिंबूवर्गी दारू) प्या, आपिरांथोस गावाला दुपारी बसा. डोंगर १००० मीटरचा आहे, गुरं आहेत, शेतं आहेत, म्हातारे कॉफी पीत भांडतायत. सँटोरिनीत वेटरशिवाय स्थानिक माणूस शोधून दाखवा.

म्युनिककर
हे जरा जास्तच होतंय. सँटोरिनीला १५ हजार माणसं राहतात, आणि द्राक्षाचे वेल वाऱ्यापासून वाचवायला जमिनीवर टोपलीसारखे वळवतात ते स्थानिकच करतात ना. पिर्गोसला जा, मेगालोखोरीला जा, दिसतील. लोक फक्त ईयाला जातात आणि मग म्हणतात बेट खोटं आहे.

कोथरूडची_सून
बापरे, तुम्ही तर आमच्या घरातल्यासारखे भांडताय. नवऱ्याने आत्ता नवीन टूम काढलीय, मुक्काम नाक्सोसला आणि एक दिवस सगळ्यांनी सँटोरिनीला जाऊन यायचं. जमतं का?

लाव्हारस
जमतं पण करू नका. वेगवान बोट दीड-दोन तासांची, तुम्ही पोचणार नेमके क्रूझवाल्यांच्या गर्दीत, बंदर अथिनिओस कड्याच्या तळाशी, तिथून वळणावळणाच्या रस्त्याने वर, आणि सूर्यास्ताच्या आत परतीची बोट. बेटाचे सगळ्यात वाईट तास बघून याल आणि मग इथे येऊन लिहाल की सँटोरिनी ओव्हररेटेड.

समुद्रपक्षी
पहिल्यांदाच सहमत. त्यापेक्षा सासू-सासऱ्यांना नाक्सोसला ठेवा आणि तुम्ही तिघं एक रात्र जाऊन या.

रिकामटेकडा
सासू-सासऱ्यांना परक्या बेटावर सोडून सून सूर्यास्त बघायला गेली, कोथरूडात पुढची दहा वर्षं हेच ऐकायला मिळेल.

कोथरूडची_सून
हाहा, खरंतर सासूबाईंना आवडलीय ही आयडिया, म्हणाल्या आम्हालापण एक दिवस शांतता. तर चार नाक्सोसला, त्यातली एक रात्र आम्ही तिघं सँटोरिनीला. लेक नाखूश आहे, तिला दोन हव्या होत्या. समुद्रपक्षी, नाक्सोसला खोली बंदराजवळ घेऊ की किनाऱ्यावर?

समुद्रपक्षी
सासू-सासरे एकटे असणार तर गावातच, खोरामध्ये, पण वरच्या किल्ल्याच्या गल्ल्यांत नाही, तिथे परत पायऱ्या. आयोस योर्यिओसच्या बाजूला बघा, गावाला लागून सपाट किनारा आहे, सगळं चालत.

लाव्हारस
एकच रात्र असेल तर दुसऱ्या दिवशी अक्रोतिरी उघडल्या उघडल्या गाठा. फिऱ्याच्या जुन्या बंदराकडे उतरायचं असेल तर केबल कार घ्या, गाढवावर बसू नका, त्यांच्यावर १०० किलोपेक्षा जास्त वजन लादायचं नाही असा नियम २०१८ मध्ये करावा लागला यावरून समजा. दोन रात्री म्हणणारी तुमची लेक बरोबर आहे, माझं मत अजून तेच.

म्युनिककर
शेवटची अथेन्सची बोट विमानाच्या आदल्या दिवशीची घ्या, त्याच दिवशीची नको. वारा सुटला की आधी वेगवान बोटी रद्द होतात, पिरेअसची (अथेन्सच्या बंदराची) मोठी जहाजं बहुतेक वेळा चालू असतात. नाक्सोसहून पाच-साडेपाच तास लागतात पण आत हॉटेलसारखं असतं, सासरे झोपतील.