बाबांचा कॅन्सर चौथ्या स्टेजला, त्यात नैराश्य. बोलण्याचे उपचार आता सुरू करावेत का?

बाबा ७६ वर्षांचे आहेत. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलाय. बरा होणार नाही हे त्यांना ठाऊक आहे, आम्ही काही लपवलेलं नाही. हार्मोनची इंजेक्शनं चालू आहेत, दुखणं गोळ्यांनी बऱ्यापैकी आटोक्यात आहे. मला विचारायचंय ते त्यांच्या मनाबद्दल.

जन्मभर गणित शिकवलं त्यांनी. आजार कळला त्या दिवसापासून एक वही ठेवली होती: तारीख, वेळ, कोणती गोळी, दुखणं दहापैकी किती. आकडे छापल्यासारखे. गेल्या महिन्यापासून त्या वहीत माझं अक्षर आहे. नातू येऊन मांडीला टेकून बसतो, तरी चेहऱ्यावरची रेष हलत नाही. रात्री तीनला बघावं तर डोळे उघडे. परवा मी त्यांचे पाय चेपत होते तेव्हा म्हणाले, "माझ्यापायी तुझे दिवस फुकट चाललेत गं." आई जाऊन चार वर्षं झाली. तेव्हाही ते असे नव्हते.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, या वयात, या आजारात असं व्हायचंच. मला हे पटत नाही. हाडं दुखणंही या आजारात व्हायचंच, पण म्हणून कोणी दुखण्याची गोळी बंद करत नाही.

एक समुपदेशक घरी येऊन गेले. पाऊण तास बसले, बहुतेक वेळ तेच बोलत होते. सकारात्मक राहा, इच्छाशक्तीपुढे कॅन्सर हरतो वगैरे. बाबांनी हळूच कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं. ते गेल्यावर मला म्हणाले, पुन्हा कोणाला आणू नकोस.

मग मी वाचायला लागले. टोरांटोच्या प्रिन्सेस मार्गारेट कॅन्सर सेंटरमध्ये तयार झालेली 'कॅल्म' नावाची पद्धत आहे. तीन ते सहा महिन्यांत तीन ते सहा सत्रं, आणि मरणाबद्दल मोकळेपणी बोलणं हा तिचाच एक भाग. २०१८ साली ३०५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात नैराश्याची लक्षणं कमी झालेली दिसली. दुसरी डिग्निटी थेरपी, कॅनडातल्याच डॉ. हार्वी चोचिनोव यांची. माणसाला त्याच्या आयुष्याबद्दल ठरावीक प्रश्न विचारतात, बोलणं रेकॉर्ड करून उतरवतात, नीट करून घरच्यांसाठी त्याच्या हाती देतात. पण मग ब्रिटनमधला 'कॅनटॉक' अभ्यास वाचला. पसरलेला कॅन्सर आणि नैराश्य असलेले २३० जण, सीबीटीची, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या बोलण्याच्या उपचारांची, बारापर्यंत सत्रं, आणि एकंदरीत नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा नाही. तेव्हापासून हातपाय गळालेत. हाताशी वेळ थोडा आहे. जे काही करायचं ते त्यांच्या उपयोगाचं असावं एवढंच वाटतं. कोणी या वाटेनं गेलंय का?

प्रतिसाद

ताई, मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या सेवेत, नर्स आहे. आधी एक स्पष्ट विचारते: बाबा मरणाबद्दल काय बोलतात? "आता सुटलो तर बरं" आणि "मी काहीतरी करून घेईन" यांत फार अंतर आहे. सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. दुसरं उत्तर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, त्यांना एकटं सोडू नका आणि गोळ्यांचा डबा तुमच्या ताब्यात ठेवा.

मग रक्त तपासून घ्या. कॅल्शियम, सोडियम, थायरॉइड, हिमोग्लोबिन. हाडांत पसरलेल्या कॅन्सरमध्ये कॅल्शियम वाढलं की माणूस असाच गप्प, सुस्त होतो. हार्मोनच्या इंजेक्शनांनी मन खचू शकतं, स्टेरॉइड चालू असेल तर त्यानंही. आणि वेळ-दिवसाचं भान कधी आहे कधी नाही असं होत असेल तर ते डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा मनाचा गोंधळ, असू शकतं. वरून ते थेट नैराश्यासारखंच दिसतं, मी कितीदा पाहिलंय.

नैराश्य मोजताना झोप, भूक, थकवा यांचे प्रश्न फसवतात, कारण ते तिन्ही कॅन्सरही बिघडवतो. म्हणून वयस्कांसाठी आम्ही जीडीएस ही नैराश्याची प्रश्नावली वापरतो. १५ प्रश्न, हो किंवा नाही, शरीराच्या तक्रारी जवळजवळ नाहीतच. गुण पाचच्या वर गेले की तो कागद घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. "व्हायचंच" म्हणणाऱ्यांपुढे आकडा ठेवलेला बरा.

कॅनटॉकनं खचू नका. ती सीबीटी सर्वसाधारण मानसोपचार सेवेतले थेरपिस्ट देत होते. आणि त्यातच, जोडीदार गेलेल्या किंवा वेगळ्या झालेल्या लोकांना थोडा फायदा दिसला होता. अभ्यासातल्या एका लहान गटापुरता निष्कर्ष आहे, त्यावर फार भार टाकू नये, पण तुमच्या आई नाहीत हे वाचून मला तोच आठवला. ज्याच्याशी रोज बोलायचं ते माणूसच घरात उरलेलं नसतं.

सत्र कसं होतं यावर बरंच काही ठरतं. कानात यंत्र, त्याची बॅटरी नवी. दुखण्याची गोळी लागू पडल्यावरची वेळ. वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. थेरपिस्टनं तोंडासमोर बसावं, सावकाश बोलावं, शेवटी दोन ओळी लिहून द्याव्यात. आणि पहिल्याच दिवशी बाबांना विचारावं, कशाबद्दल बोलायचं आणि कशाबद्दल नाही. नैराश्याची गोळी सुचवली तर तीही नाकारू नका, दोन्ही बरोबर चालतं. मात्र गोळीला लागू पडायला काही आठवडे लागतात, म्हणून उशीर नको.

धागाकर्ती

मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद वाचून त्याच रात्री विचारलं. म्हणाले, जगायची ओढ उरली नाही, पण स्वतःला काही करणार नाही. मी रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. महिन्याभरात पहिल्यांदा.

रक्तात सोडियम थोडं कमी निघालं, त्यावर उपाय चालू केलाय. जीडीएसचे प्रश्न मी मोठ्यानं वाचत होते. "आपलं आयुष्य रिकामं आहे असं वाटतं का?" इथे त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खूण स्वतः केली. पुढच्या सगळ्याही. कोणत्या उत्तराला गुण ते विचारून घेतलं, बेरीज केली, ११ लिहिलं आणि खाली रेघ मारली.

कॅन्सर रुग्णांबरोबर काम करणाऱ्या एक मानसशास्त्रज्ञ मिळाल्यात. त्यांच्याशी फोनवर बोलताना बाबांनी एकच अट घातली, "बरं होण्याबद्दल बोलायचं नाही." त्या म्हणाल्या, "नाही बोलणार. तुम्हाला कशाबद्दल बोलायचंय?" बाबा बराच वेळ गप्प होते, पण फोन ठेवला नाही.

गुरुवारी पहिलं सत्र आहे. बाबा म्हणतात, तू खोलीबाहेर थांब. थांबेन. पण नंतर मी आत जाईन तेव्हा काय झालं ते विचारावं, की ते आपणहून सांगेपर्यंत गप्प राहावं? तुम्ही घरच्यांना काय सांगता?