मयताच्या वाजंत्रीचा दर आधी सांगावा की नाही?

हलगीवाला
आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न, या दिवसांत लग्नं नसतात. तेव्हा आमचं घर मयताच्या कामावर चालतं. काम येतं तिरडीचं सामान विकणाऱ्या दुकानातून, नाहीतर शववाहिकेच्या ड्रायव्हरकडून. "अर्ध्या तासात चौघं या," एवढंच फोनवर. पैशाचं कोणी बोलत नाही.

परवा पावसात सोलापुरातल्या रूपाभवानी स्मशानभूमीपर्यंत वाजवत गेलो. ओलीनं हलगीचं कातडं सैल पडलं, टपरीच्या आडोशाला कागद पेटवून तीनदा शेकलं. शेवटी पैशासाठी मयताच्या भावासमोर उभं राहावं लागलं. त्याचे डोळे रडून सुजलेले. चौघांत बाराशे मिळाले.

माझं म्हणणं, दुकानात दराची पाटी लावा आणि पैसे आधी घ्या, तेही घरच्यांकडून नको, गल्लीतल्या एखाद्या जाणत्या माणसाकडून.

भजनी मंडळातला
तीस वर्षं टाळ घेऊन जातोय, मयताच्या घरी चहासुद्धा घेतला नाही. पाटी काय लावता? देतील ते घ्यावं.

हलगीवाला
काका, तुम्ही नोकरी सांभाळून सेवा केली, तुम्हाला हात जोडतो. मी त्या दिवसाची हमाली बुडवून येतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये अंत्यविधीला 20 च माणसं चालायची. त्यात वाजवणारे कुठले बसणार? हलगी खुंटीला राहिली. तेव्हा "देतील ते" म्हणायला तरी कोण होतं?

पूर्व भागातली
पाटी पाहिजेच. वडील गेले तेव्हा एक बँड सांगितला होता. स्मशानात पोचल्यावर ठरल्याच्या दुप्पट मागायला लागले. आई तिथंच बसलेली. घासाघीस कशी करणार? मामांनी गुपचूप दिले. माझ्या मनातून ते अजून जात नाही.

शिक्षक, मूळ गाव मोहोळ तालुका
मला मुळात हे कामच नको वाटतं. माझ्या पणजोबांना मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पायी जावं लागायचं. वतन होतं ते, म्हणजे पिढीजात गावकीचं काम, नाही म्हणायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते यातून सुटण्यासाठीच. असली कनिष्ठ ग्रामवतनं गेली ती 1958 च्या कायद्यानं. आणि दादा, आता तुम्ही त्याच कामाचा दर ठरवताय?

हलगीवाला
सर, तुमच्या पणजोबांना नाही म्हणता येत नव्हतं. मी म्हणतो. मागच्या महिन्यात दोन ठिकाणी दारू पिऊन नाचणारे होते, तिथून हलगी गुंडाळून निघून आलो.

शिक्षक, मूळ गाव मोहोळ तालुका
शहरात निघून आलात. गावाकडं तसं करून बघा. आणि खरं सांगा, पोराला नेता का मयताला?

हलगीवाला
नाही नेत. हलगी शिकवलीय, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाच्या मिरवणुकीत वाजवतो. मयताला नको म्हणते त्याची आई, आणि मलाही तेच वाटतं. पण सर, आज घरात पीठ या कामानं येतं. सोडेन तेव्हा सोडेन, तोवर हात पसरून उभं राहणार नाही.

शिक्षक, मूळ गाव मोहोळ तालुका
हात पसरू नका, हे पटतं. बाकी नाही पटत.

भजनी मंडळातला
आमच्या चौकातला सामानवाला ओळखीचा आहे, त्याच्याशी बोलतो. पण एखाद्याची ऐपत नसली तर?

हलगीवाला
तर गल्लीवाल्यानं फोनवरच सांगावं, आम्ही येऊ. पाटीवर चौघांचे अडीच हजार लिहा. दुकानदाराचा हिस्सा त्यातून कापायचा नाही, एवढं मात्र त्याच्याकडून कबूल करून घ्या काका.