डास आणि खिडकीतला कप
वर कुणीतरी विचारलंय, एचआयव्ही असलेल्याला चावलेला डास नंतर आपल्याला चावला तर? काही होत नाही. डास चावताना लाळ सोडतो, आधी प्यायलेलं रक्त नाही; शिवाय हा विषाणू त्याच्या पोटात वाढत नाही, पचून जातो. नाहीतर कृष्णाकाठचं एकही घर सुटलं नसतं!

आमच्या तासगावकडं एका घरात एचआयव्ही असलेल्या सुनेचा कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला बघितलाय. लागण नवऱ्याकडून, विटाळ मात्र तिचा. अहो, उष्ट्यानं किंवा एका ताटात जेवून हा पसरत नाही. असुरक्षित संबंध, दूषित रक्त-सुया, आणि आईकडून बाळाला (अंगावरच्या दुधातूनही), हेच रस्ते. त्यातही एआरटीच्या (एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या) गोळ्या रोज घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात.