मदत हवी आहे: मनन वहीत सगळी मुलं एकच उत्तर लिहितात

शेवंता_नगर
सर्वांना सलाम. आमच्या चर्चच्या शब्बाथ शाळेत (रविवारच्या बायबल वर्गात) पाठ झाला की मुलं मनन वही लिहितात, म्हणजे पाठावर आपल्याला काय वाटलं ते. दर रविवारी तेच: "देव चांगला आहे. मी रोज प्रार्थना करीन. आईवडिलांची आज्ञा पाळीन." परवा चांगल्या शोमरोन्याचा दाखला (जखमी परक्याला मदत करणाऱ्याची येशूची गोष्ट) घेतला, तरी तेच! एरवी हीच मुलं बोलायला लागली की थांबत नाहीत. काय करू? लवकर सांगा, शनिवारी तयारीला बसायचंय.

जुना_सुपरिटेंडेंट
मुलं कितवीतली? वह्या कोण वाचतं? वाचून पुढे काय होतं?

केडगावची_मावशी
अगं, आधी वचनं पाठ करून घे. आम्हाला बायबलातलं 23वं स्तोत्र आल्याशिवाय नाताळच्या कार्यक्रमात उभं करत नसत. आता दवाखान्यात रात्र रात्र झोप नसते, तेव्हा तेच ओठांवर येतं. वहीत लिहिलेलं कोणाला आठवतं?

वसईकर
मावशी, पाठांतर हवंच, पण तेवढ्यावर थांबायचं का? आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात संत इग्नेशियसचं आत्मपरीक्षण घेतो. आधी उपकारस्मरण, मग प्रकाश मागायचा, दिवस आठवायचा, चुकलं तिथे क्षमा, शेवटी उद्याचा विचार. दहा मिनिटं पुरतात. त्यांनी स्थापलेल्या येशूसंघाच्या (जेझुइट) शाळांत तर अनुभव, मनन, कृती हा शिकवण्याचा क्रमच आहे. ताईंनी हेच सुरू करावं.

केडगावची_मावशी
ते तुमच्या कॅथलिकांचं. आमच्या मंडळीत नाही चालायचं.

वसईकर
रात्रंदिवस मनन करणारा माणूस पहिल्याच स्तोत्रात आहे. ते तुमच्याही बायबलात आहे आणि माझ्याही.

श्रीरामपूर_तरुणसंघ
पाठ संपल्यावर खाऊ ठेवा. आमच्याकडे हजेरी लगेच वाढली.

शेवंता_नगर
हजेरीचा प्रश्नच नाहीये. मुलं सातवी ते नववीतली. वह्या मी वाचते, दहापैकी गुण देते, मग वह्या समितीकडे जातात आणि गुण वार्षिक बक्षिसाला धरतात. समितीची तशी पद्धत आहे. पण त्याचा इथे काय संबंध?

जुना_सुपरिटेंडेंट
सगळा संबंध तिथेच आहे. गुण मिळणार म्हटल्यावर मूल गुण मिळवणारं उत्तर लिहिणार. कधी कोणी वेगळं लिहिलं होतं का?

शेवंता_नगर
हो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा पैसे उधळून परत येतो, बाप मेजवानी देतो आणि थोरला रागावून बाहेरच थांबतो. त्या पाठाच्या वेळी एकाने लिहिलं, "थोरल्या भावाचं बरोबर आहे. तो शेतात राबला आणि त्याला करडूसुद्धा दिलं नाही. माझ्या घरी पण असंच आहे." समितीकडून वही परत आली तेव्हा त्याखाली लाल शेरा होता: पाठ समजलेला नाही. पुढच्या रविवारपासून तोही "देव चांगला आहे" लिहायला लागला.

जुना_सुपरिटेंडेंट
वाचून वाईट वाटलं. त्या पोराला वर्गात सगळ्यात जास्त पाठ समजला होता. करडाची तक्रार लूकच्या शुभवर्तमानात, 15व्या अध्यायात, थोरला स्वतःच करतो. बाप त्याच्यावर डाफरत नाही, बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. शेवटी थोरला घरात गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेलंच नाही. वर्गाला तेच विचारा: तुम्ही त्याच्या जागी असता तर आत गेला असता का? का? "काय शिकलात?" विचारलं की पाठ केलेलंच उत्तर येतं.
बक्षिसाला हजेरी आणि वचनपाठांतर धरा, वही त्यातून काढा. आधी दोघादोघांना बोलू द्या, मग लिहू द्या. शेरा न मारता खाली एक प्रश्न लिहा. ज्याला दाखवायचं नाही त्याने पान दुमडावं.

केडगावची_मावशी
आणि मुलं काहीबाही लिहायला लागली तर? चुकीचं ते चुकीचं सांगायला नको?

वसईकर
13व्या स्तोत्रात दावीद देवाला चार वेळा "कोठवर?" म्हणून विचारतो. त्याला कोणी लाल शेरा मारला नाही.

केडगावची_मावशी
दावीद शेवटी तारणाचं गाणं गातो. मुलांना तिथवर न्यायला शिक्षक लागतोच. माझं म्हणणं तेवढंच आहे.

संगमनेरी
विषय निघालाच आहे तर, 'उपासना संगीत' या ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकाची स्वरलिपीसह जुनी प्रत कोणाकडे आहे का? रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पदांच्या चाली हव्यात.

जुना_सुपरिटेंडेंट
संगमनेरी, वेगळा धागा काढा, मी तिथे लिहितो.

शेवंता_नगर
गुणांचं समितीपुढे मांडते. त्या मुलाशी या रविवारी स्वतः बोलेन. पण पान दुमडायला दिलं आणि कोणी घरातल्या मारहाणीचं लिहिलं, तर ते मला कळायला नको का?

जुना_सुपरिटेंडेंट
म्हणून पहिल्याच दिवशी सांगायचं: दुमडलेलं पान मी उघडणार नाही. पण कोणी तुम्हाला इजा करत असेल तर येऊन मला सांगा. ती गोष्ट मी गुपित ठेवणार नाही, मदत आणणार.

वसईकर
1098 हा चाइल्डलाइनचा नंबर वहीच्या मलपृष्ठावर आतून लिहून द्या. आम्ही सगळ्यांच्याच वह्यांत लिहितो, म्हणजे कोणा एकावर नजर जात नाही.