मदत हवी आहे: मिक्स केलेल्या हाउस (ठेक्यावर चालणारे नृत्यसंगीत) संकलनात वाखाणण्यासारखे नेमके काय असते?

अनवाणी: सॅशा आणि जॉन डिगवीड या डीजेंच्या ‘रेनेसाँस: द मिक्स कलेक्शन’ या १९९४ च्या संकलनाची इतकी स्तुती वाचली, की तिन्ही सीडी मिळवून ऐकायला बसलो; परंतु एक गाणे सरून दुसरे लागते नेमका तिथेच ठेका अडखळतो, काही क्षण दोन ड्रम एकमेकांवर आदळतात आणि मग सगळे सुरळीत होते. यात कौतुक कशाचे करायचे? शनिवारी पाहुण्यांना ऐकवायचे आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

पेठकर: थेट सीडीवरून ऐकता की फायली केल्या आहेत? कोणत्या उपकरणावर? शफल चालू आहे का?

ध्वनिवेडा: आधी चांगले हेडफोन घ्या. जमल्यास एक छोटा डीजे कंट्रोलरही घ्यावा, कारण स्वतः दोन गाणी जुळवून पाहिल्याशिवाय मिक्सिंग कळत नाही.

अनवाणी: मला काहीही विकत घ्यायचे नाही. सीडीच्या एमपी३ करून फोनवरून स्पीकरला जोडले आहे. शफल बंद असून क्रॉसफेड (एक गाणे संपता संपता दुसरे त्यावर चढवण्याची सोय) नेहमीप्रमाणे ६ सेकंदांवर आहे. याचा मिक्सशी काय संबंध?

पेठकर: सगळा संबंध तिथेच आहे. अशा सीडीवरचे संगीत सलग असते आणि ट्रॅकचा क्रमांक ही मध्येच मारलेली खूण असते. तुमचा फोन खुणेआधीचे ६ सेकंद आणि नंतरचे ६ सेकंद एकावर एक वाजवतो. गती मिनिटाला १२४ ठोके धरली, तर ६ सेकंदांत १२.४ ठोके बसतात. तो वरचा ०.४ म्हणजेच तुम्हाला ऐकू येणारी टक्कर. क्रॉसफेड शून्यावर आणावा.

तिहाई: मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. हाउसमध्ये चार-चार ठोक्यांचे आठ बार मिळून ३२ ठोक्यांचा एक टप्पा (फ्रेज) होतो आणि १२४ च्या गतीला त्याला सुमारे साडेपंधरा सेकंद लागतात. येणाऱ्या गाण्याची सम जाणाऱ्याच्या समेवरच पडते का, ते प्रथम ऐकावे. त्यानंतर फक्त बासकडे, म्हणजे खालच्या जाड सुरांकडे, लक्ष द्यावे: चांगला डीजे दोन बास एकत्र गढूळ होऊ देत नाही, नव्या गाण्याचा बास आधी कापून ठेवतो आणि एका समेवर जुन्याचा काढून नव्याचा सोडतो. त्या क्षणी वरचे सूर तेच राहतात, पण पायाखालची जमीन बदललेली असते.

जुनी_तबकडी: दोन गाण्यांचे ठोके जुळवण्याचे हे कौशल्य तबकड्यांच्या काळातले आहे. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या तबकडी वाजवण्याच्या यंत्रावर गती फार तर ८ टक्के वरखाली होते, म्हणजे १२५ चे गाणे ११५ ते १३५ या मर्यादेतच हलते. गती वाढवली की सूरही चढतो आणि सगळे कानांनी सांभाळावे लागते. आता संगणक बटण दाबून जुळवून देतो, त्यात कसब कुठे उरले?

तिहाई: मग सॅशाने २००४ मध्ये ‘इन्व्हॉल्व्हर’ संगणकावर एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये घडवले, त्याचे काय करायचे? ठोके यंत्राने जुळवले, तरी कोणत्या गाण्यानंतर कोणते, कोणत्या स्वरात आणि किती वेळ दोन्ही सोबत ठेवायची, हे माणसालाच ठरवावे लागते.

जुनी_तबकडी: निवड करणे वेगळे आणि हाताने धरून ठेवणे वेगळे, या मतावर मी ठाम आहे.

अनवाणी: क्रॉसफेड बंद केला. टक्कर थांबली आणि बासची अदलाबदल पहिल्याच सीडीवर स्पष्ट ऐकू आली. मात्र जोडावर अजून बारीकशी टिचकी वाजते.

पेठकर: एमपी३ करताना प्रत्येक फाइलच्या कडांना किंचित शांतता चिकटते आणि काही प्लेअर ती काढत नाहीत. प्रत्येक सीडीची एकच सलग फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारी) फाइल करा. मध्ये जोडच उरणार नाही.

ध्वनिवेडा: शनिवारी पाहुणे किती आहेत, हे कळल्यास स्पीकर सुचवता येईल.