भाच्यापुढे बॉक्सिंगचा करार आलाय, प्रक्षेपणाच्या कलमाचं काय करायचं?

जळगावचा मामा
नमस्कार मंडळी. माझा भाचा भुसावळला असतो, वय २१, राज्य पातळीपर्यंत खेळलाय. मागच्या शेडात पोत्यात चिंध्या आणि लाकडाचा भुसा भरून टांगलेली बॅग, ताईने ती आजवर चारदा शिवली. आता एका प्रमोटरने, म्हणजे लढती भरवणाऱ्याने, प्रोफेशनलचा करार पाठवलाय. पाच वर्षं फक्त त्यांच्याकडेच लढायचं. कलम ११ : सगळ्या लढतींचे टीव्ही-मोबाइलचे हक्क प्रमोटरचे, लढत कधी आणि कोणाशी हे 'प्रक्षेपकाच्या सोयीनुसार'. वर्षाला किती लढती मिळतील, हे पंधरा पानांत कुठेच नाही! पोरगा म्हणतो, मामा, एकदा टीव्हीवर दिसलो की झालं. ताई म्हणते, सही करू देऊ नको. मला यातलं कळत नाही. समजावून सांगा.

चाळीसगाव केबल
मामा, सोळा वर्षं केबलचा धंदा केला, बॉक्सिंग त्याच्याही आधीपासून बघतो. आपल्याकडे जत्रेच्या दंगलीत पैसा गाव घालतं, पंच जोड लावतात, हलगी वाजते, इनाम तिथेच हातात पडतं. प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये वरच्या फळीतला मोठा पैसा चॅनेलचा. चॅनेल प्रमोटरला देतं, प्रमोटर बॉक्सरला. त्यामुळे जोडही चॅनेल बघूनच लागते.

अमेरिकेचे बॉक्सर क्रॉफर्ड आणि स्पेन्स घ्या. २०१८ पासून दोघं एकाच वजनात, दोघंही अपराजित, काटाजोड. पण क्रॉफर्डच्या लढती ईएसपीएन चॅनेलवर, स्पेन्सच्या शोटाइम आणि फॉक्स या दुसऱ्या चॅनेलकडे. २०२१ च्या शेवटी क्रॉफर्डने आपला प्रमोटर सोडला, तरी लढत व्हायला २९ जुलै २०२३ उजाडला. तोवर तो ३५ वर्षांचा. नवव्या राउंडला त्याने निकाल लावला, पण ऐन भरातली वर्षं वाट बघण्यात गेली ती गेलीच. याचं मला आजही वाईट वाटतं.

मेवेदर-पॅकियाओ या दोन बड्या बॉक्सरांच्या लढतीचंही तसंच. आधी उत्तेजकांसाठीच्या रक्तचाचणीवरून फिसकटलं, पुढे एक शोटाइमकडे, दुसरा एचबीओकडे. शेवटी दोन्ही चॅनेलनी मिळून २ मे २०१५ ला दाखवली. अमेरिकेत सुमारे ४६ लाख जणांनी पैसे मोजून पाहिली, पण तेव्हा मेवेदर ३८ चा आणि पॅकियाओ ३६ चा.

तापीकाठ
केबलभाऊ, खरं आहे, पण टीव्ही नसेल तर पोराला पैसे द्यायचे कोणी? मेक्सिकोचा बॉक्सर कॅनेलो, त्याने २०१८ मध्ये डॅझन या इंटरनेटवर लढती दाखवणाऱ्या कंपनीशी ११ लढतींचा किमान ३६.५ कोटी डॉलरचा करार केला. हा पैसा नुसत्या तिकिटांतून निघत नाही. अर्थात २०२० मध्ये भांडण कोर्टात गेलं आणि तो मोकळा झाला. त्याच्या मागे नाव होतं म्हणून निभावलं.

मामा, चॅनेलचाही भरवसा धरू नका. एचबीओने १९७३ पासून चालवलेलं बॉक्सिंग २०१८ ला बंद केलं, शोटाइमने २०२३ ला. आपला विजेंदर बघा : डिसेंबर २०१७ ला जयपूरला लढला, नंतरची लढत थेट जुलै २०१९ ला न्यूअर्कला. ऑलिंपिक पदकवाल्याचं दीड वर्ष रिकामं जातं, तर आपल्या पोराचं काय?

चाळीसगाव केबल
म्हणून तीन गोष्टी लिहून घ्या. वर्षाला किमान चार लढती; नाही दिल्या तर करार आपोआप संपला. चॅनेल निघून गेलं तर पोरगा मोकळा. आणि मुदत पाच नाही, दोन वर्षं. 'सोयीनुसार' हा शब्द तर खोडायलाच लावा.

जळगावचा मामा
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री भाच्याला सगळं वाचून दाखवलं. क्रॉफर्डचं वय ऐकून गप्प बसला, मग शेडात जाऊन तासभर बॅग मारत होता. सकाळी म्हणाला, मामा, चार लढतींचं लिहायला सांग त्यांना. मी प्रमोटरला फोन केला, ते म्हणतात सगळेच अशी सही करतात. सही केलेली नाही. जळगाव किंवा धुळ्याला असे करार वाचणारा वकील कोणाच्या माहितीत असेल तर कळवा, रविवारच्या आत भेटायचं आहे.