कागदावरचा बाप
अमेरिकेतल्या चिनी घरांत आईवडील गेल्यावर मुलांना अपराधी वाटतं ते सगळं आईवडिलांची सेवा हे मोठं कर्तव्य मानणाऱ्या कन्फ्यूशियसच्या शिकवणीमुळे, असं पुष्कळदा म्हटलं जातं. अर्धंच पटलं. यात कायद्याचाही मोठा वाटा आहे.

१८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद झाली. पुढे १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतली जन्माची दप्तरं जळाली. मग तिथल्या चिन्यांना 'मी इथेच जन्मलेला नागरिक' असं सांगता आलं, आणि नागरिकाच्या मुलाला येता येत असल्याने कित्येक जण कागदोपत्री दुसऱ्याचा मुलगा होऊन आले. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड बेटावरच्या तपासणी नाक्यावर उलटतपासणी व्हायची: गावातल्या घराला पायऱ्या किती, विहीर कुठल्या बाजूला? उत्तरं आधीच घोकून ठेवलेली.

म्हणजे पूर्वजांना इतकं मानणाऱ्या माणसाने सख्ख्या बापाचं आडनाव टाकून परक्याचं लावायचं! गावी आई वारली तरी उठून जाणं सोपं नव्हतं, परतताना पुन्हा चौकशीची टांगती तलवार. मग मनीऑर्डरी. (त्याला कुणी 'पैसे फेकून मोकळे' म्हटलं तर ते मला तरी अन्यायाचं वाटतं.)

१९५६ मध्ये सरकारने खोटं नातं कबूल करण्याची योजना आणली, पण एकाने खरं सांगितलं की त्या कागदावरचे सगळेच गोत्यात. त्यामुळे पुष्कळांनी पोटच्या मुलांनाही काही सांगितलं नाही. काही थडग्यांवर इंग्रजीत खोटं आडनाव आणि चिनी लिपीत खरं कोरलेलं आहे. चिनी न येणारं नातवंड छिंगमिंगला, म्हणजे पूर्वजांची थडगी साफ करून पुजण्याच्या सणाला, नैवेद्य घेऊन येतं ते खोट्या नावापुढेच.

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनो गावातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या चौकशांच्या फायली आहेत. नातवंडं आता त्या वाचतात, पण त्यातलं कुठलं घर खरं आणि कुठलं घोकलेलं, हे सांगायला आजोबा नाहीत.